सरावात ५६०, सामन्यात ५३१

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. रोज चार-पाच लाखांची रोकड हातातून जाते, बाजाराच्या दिवशी जास्तच. नोटा मोजताना माझा हात कापलेला कुणी पाहिलेला नाही. तोच हात २९ सप्टेंबर २०२४ ला एका नेमबाजी स्पर्धेच्या रेंजवर असा थरथरायला लागला, की मागे बसलेल्या आमच्या सरांना तो खुर्चीवरून दिसला. तिथून पुढचे साडेआठ महिने मी काय काय केलं, कुठे चुकले, किती पैसे गेले, ते इथे मांडते. मी शोधत होते तेव्हा मराठीत असं काही हाती लागलं नव्हतं, म्हणून.

आधी खेळाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा प्रकार दहा मीटर एअर पिस्तूल. पिस्तूल एकाच हातात धरायचं, दुसरा हात खिशात. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ६० गोळ्या, ७५ मिनिटं, एकूण ६०० गुण. मी २०१६ मध्ये सुरुवात केली तेव्हा बायकांना ४० गोळ्याच असायच्या. २०१८ पासून पुरुषांइतक्याच ६० झाल्या. बरोबरीचं कौतुक मलाही आहे, पण जादा वीस गोळ्या म्हणजे घाबरायला जादा वीस संधी, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी १ ऑगस्टला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ जिंकलं आणि आमच्या तळघरातल्या रेंजवर एकदम गर्दी झाली. नवीन पोरं, पालक, फोटो. सर मला पुढे करून सांगायचे, "या बघा, नोकरी-घर सांभाळून ५६० मारतात." सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरावात माझे ५६१, ५५८ आणि ५६३ झाले होते. सासूबाई आदल्या रात्री म्हणाल्या, "पितृपक्षात कसल्या गं स्पर्धा ठेवतात?" मी हसले. पहाटे तीनला जाग आली ती पुन्हा डोळा लागलाच नाही.

रेंजवर पोचल्यापासून चार वेळा बाथरूमला जाऊन आले. तोंड कोरडं. सप्टेंबरच्या उकाड्यात बोटं बर्फासारखी गार. सरावाच्या गोळ्यांना, आम्ही त्यांना सायटर म्हणतो, पंधरा मिनिटं असतात. त्यातली दहा मी ग्रिप पुन्हा पुन्हा धरण्यात घालवली. पिस्तूल उचललं की नजर पुढच्या साइटवर, म्हणजे माशीवर ठेवायची असते. माशी स्पष्ट दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. माझं उलटं झालं होतं. टार्गेटची वर्तुळं मोजता येतील इतकी लख्ख, आणि माशी मात्र विरघळल्यासारखी. शिवाय ती ठोक्याठोक्याला उडत होती. छातीतला ठोका खांद्यातून, कोपरातून, मनगटातून थेट त्या काळ्या चौकोनापर्यंत पोचलेला मला दिसत होता. चौदाव्या गोळीला मी पिस्तूल धरून इतका वेळ उभी राहिले की दंड जळायला लागला. तरी खाली ठेवलं नाही, आणि शेवटी "जा एकदाची" म्हणून ट्रिगर ओढला. पाच. पुढचं आठवतच नाही. दहा-दहा गोळ्यांच्या सहा सिरीज अशा झाल्या: ८७, ८४, ८८, ९१, ९०, ९१. एकूण ५३१.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, "मन घट्ट करायला शिका." बीजिंग ऑलिंपिकला २००८ मध्ये अमेरिकेचा नेमबाज मॅथ्यू एमन्सला सुवर्णासाठी शेवटच्या गोळीत फक्त ६.७ हवे होते आणि त्यानं ४.४ मारली, हेही त्यांनीच सांगितलं. समजूत घालायचा हेतू चांगला होता. मला एवढंच कळलं की जगातल्या सर्वोत्तम माणसाचंही असं होत असेल, तर 'मन घट्ट करा' हा काही उपाय नव्हे.

माशी धूसर दिसली म्हणून पहिली धाव मी चष्म्याच्या दुकानाकडे घेतली. मंगळवारी, १ ऑक्टोबरला. नंबर पावानं बदलला होता. नवीन काच आणि फ्रेम २,८०० रुपये. गरज नव्हती, हे दोन महिन्यांनी कळलं.

४ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांकडे गेले. छातीत धडधड, हात कापणं, झोप नाही, एवढं सांगितलं. त्यांनी ईसीजी काढला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला दिलं. तिन्हीचे मिळून १,१५० रुपये झाले. हे मात्र प्रत्येकानं करावं असं मी म्हणेन, कारण थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते, आणि मग मानसशास्त्राच्या मागे लागून उपयोग नसतो. माझं सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन आहे, दुसरं काही नाही," आणि प्रोप्रॅनोलॉलच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. मी नेमबाजी करते हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. माझ्या डोक्यात ते दोन वेगळे कप्पे होते, एक दवाखान्याचा आणि एक रेंजचा.

गोळी जादूसारखी लागू पडली. शनिवारी, रविवारी रेंजवर हात असा स्थिर, की मला वाटलं पिस्तूल कुणीतरी स्टँडवर लावून दिलंय. सोमवारी आमच्याकडे येणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीनं माझ्या किटमध्ये पिस्तूल पुसायचं कापड शोधताना ती स्ट्रिप पाहिली. नाव वाचलं आणि म्हणाली, "ताई, हे बॅन आहे. बीटा ब्लॉकर." मी म्हटलं, "अगं डॉक्टरांनी दिलंय, चोरून थोडीच आणलंय?" ती म्हणाली, "किम जोंग सूला पण कुणीतरी दिलंच असेल."

घरी येऊन वाचलं. उत्तर कोरियाचा तो नेमबाज. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पिस्तूलमध्ये रौप्य, दहा मीटरमध्ये ब्राँझ. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं गेली. ॲड्रेनॅलिन हृदयावर आणि स्नायूंवर जिथे काम करतं ती जागाच हे औषध अडवून धरतं. ठोके मंदावतात, कंप कमी होतो. धावणाऱ्याला याचा फायदा नाही, तोटाच. पण नेमबाजी आणि तिरंदाजीत ते स्पर्धेत तर बंद आहेच, स्पर्धेबाहेर सरावातही बंद आहे. गोल्फ, बिलियर्ड्स, डार्ट्स वगैरे खेळांत फक्त स्पर्धेपुरतं. आणि नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. चिठ्ठी डॉक्टरची असली तरी.

त्या रात्री मी घाबरले तशी सामन्यातही घाबरले नव्हते. सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते बिचारे ओशाळले, म्हणाले, तीनच दिवस आणि इतका कमी डोस आहे, बंद करा. हे मुद्दाम लिहिते, कारण कुणी महिनोन् महिने बीटा ब्लॉकर घेत असेल तर ते आपल्या मनानं एकदम थांबवायचं नसतं. मग सरांना सांगितलं. १९ ऑक्टोबरच्या स्पर्धेतून नाव मागे घेतलं. १,८०० रुपये प्रवेश फी गेली. कुणी तपासायला आलं नसतंही. आमच्यासारख्यांची तपासणी क्वचितच होते. पण नियमाच्या भाषेत ते तीन दिवसही चुकीचेच होते. खंडेनवमीला रेंजवर सगळ्यांच्या पिस्तुलांना झेंडू वाहून पूजा झाली, त्यात माझंही होतं. नमस्कार करताना त्याच्याकडे नीट बघवलं नाही.

सवलतीचाही एक मार्ग असतो, त्याला टीयूई म्हणतात. उपचारासाठी बंदी असलेलं औषध लागतच असेल तर नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, अर्ज करायचा: डॉक्टरनं भरायचा भाग, सगळे रिपोर्ट, आधी कोणते उपाय करून पाहिले याची नोंद. अर्ज स्पर्धेच्या किमान तीस दिवस आधी द्यावा लागतो आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून साधारण एकवीस दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. मी फॉर्म उतरवून घेतला, वाचला आणि बाजूला ठेवला. दुसरा उपचार चालणारा नसला पाहिजे आणि त्या औषधानं खेळात जादा फायदा होता कामा नये, अशा अटी आहेत. नेमबाजाला बीटा ब्लॉकरसाठी यातून पार पडणं फार अवघड, आणि मी तर दुसरा कुठलाही उपचार करूनच पाहिला नव्हता. औषधाचं नाव तपासायला नाडाचं 'नो युअर मेडिसिन' ॲप आहे. सर्दीच्या गोळीपासून सगळं त्यात पाहायची सवय मला त्यानंतर लागली. चिंतेवर किंवा नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या बंदीच्या यादीत नाहीत, हेही सांगून ठेवते. मला त्या लागल्या नाहीत, पण ज्यांना लागतात त्यांनी खेळासाठी उपचार टाळू नयेत.

मधे एक माती खाल्ली. दिवाळीच्या आधी एका 'माइंड कोच'च्या एक दिवसाच्या शिबिराला गेले, ४,५०० रुपये, जेवणासकट. साठ-सत्तर लोक होते. आरशासमोर उभं राहून "मी विजेता आहे" असं मोठ्यानं म्हणायचं, मग डोळे मिटून पदक गळ्यात पडताना बघायचं. मला डोळे मिटले की पाचचा छेद पडलेलं टार्गेट दिसायचं. जेवण बरं होतं.

भाऊबीज झाल्यावर ६ नोव्हेंबरला कोल्हापुरातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना फोन लावला. नाव एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्टनं सुचवलं होतं. खांदा दुखतोय म्हणून तिच्याकडे गेले होते, तर ती म्हणाली, "तुमचा खांदा कायम कानाला लागलेला असतो, आधी त्याचं कारण शोधा." एक सांगते: 'स्पोर्ट्‌स सायकॉलॉजिस्ट' ही पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, तिचा नंबर असतो. तो विचारायला लाजू नका. मी विचारला तेव्हा पलीकडून लगेच सांगितला, कुणी रागावलं नाही. वेळ मिळाली ३० नोव्हेंबरची. चोवीस दिवस.

ते चोवीस दिवस वाईट गेले. स्पर्धा नव्हती, सराव बंद होता, तरी झोप यायची नाही. एका रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात बसून १४४१६ ला फोन केला. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन. २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं, 'नेम चुकतो म्हणून फोन केला' म्हटलं की हसतील. पलीकडच्या बाईंनी वीसेक मिनिटं नीट ऐकून घेतलं. काही मोठं सांगितलं नाही, पण मी ओट्याला टेकून झोपण्याइतकी शांत झाले.

३० नोव्हेंबर, शनिवार. अर्धी रजा, दुपारची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे ही या सगळ्या प्रकरणातली एकमेव सूट. फी पन्नास मिनिटांचे १,२०० रुपये. माझ्या विम्यात ओपीडीचा खर्च बसत नव्हता, त्यामुळे सगळं पदरचं. मॅडमनी आधी एक सात प्रश्नांचा कागद भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली का, असले प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. माझे बारा आले. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट चौकशी करायची असते, तो कागद म्हणजे निदान नव्हे, असं त्यांनी लगेच सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे इथेही स्कोअर आहेच." पहिल्यांदा हसलो दोघी.

मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर माणसाचं चित्र काढलं आणि २९ सप्टेंबरला मला काय काय झालं ते एकेक करून त्यावर लिहायला लावलं. शेजारी त्या कारण लिहीत गेल्या. धोका आहे असं मेंदूला वाटलं की काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन रक्तात येतं. ठोके वाढतात. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पळायला किंवा झुंजायला, म्हणून बोटं गार. पचन थांबतं, लाळ आटते, म्हणून तोंड कोरडं. श्वास पोटातून छातीत येतो आणि उथळ होतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडला तर बोटांना मुंग्या आणि डोकं हलकं. हाताला एरवीही बारीक कंप असतोच, तो वाढतो. ज्यांनी एकमेकांना सैल सोडायचं ते दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळतात, म्हणून खांदा कानाला. "आणि डोळे?" मी विचारलं. बाहुल्या मोठ्या होतात आणि नजर लांबचं बघायला सज्ज होते, कारण धोका लांबून येणार असतो. हातभर अंतरावरची माशी धूसर आणि दहा मीटरवरचं टार्गेट लख्ख. चष्म्याचे २,८०० रुपये तिथे कळले.

हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करते. दोन महिने मी स्वतःला भित्री म्हणत होते. शरीर तर त्याचं काम चोख करत होतं. फक्त काम चुकीच्या खेळासाठी होतं. माझा मामेभाऊ तालमीत जायचा. आखाड्यात उतरला की माती अंगाला लावायचा, शड्डू ठोकायचा, मांड्या लाल होईपर्यंत. रक्त तापवूनच पैलवान उतरतो. तेच तापलेलं रक्त घेऊन मला बटणाएवढ्या वर्तुळावर नेम धरायचा होता. प्रत्येक खेळाला किती ताप चालतो ते वेगळं असतं, आणि खेळ जितका नाजूक हाताचा तितका कमी. अगदीच थंड पडलं तरी खेळ बिघडतो, हेही खरं. सरावाला कंटाळून गेले की माझेही ५४५ होतात.

दुसऱ्या भेटीत, १४ डिसेंबरला, मॅडमनी दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगितल्या: अंगातली खळबळ आणि डोक्यातली काळजी. दोन्ही एकाच वेळी येतात म्हणून एकच वाटतात. दोन आठवडे वहीत लिहायचं, आधी काय आलं. रेंजवरच्या त्या सतरा वर्षांच्या मुलीनं तिचा छातीला बांधायचा, ठोके मोजणारा हार्ट रेट पट्टा मला दिला. शांत सरावात उचलण्याआधी माझे ठोके ८४ च्या आसपास असायचे. सरांनी मुद्दाम मागे उभं राहून फोनवर चित्रीकरण सुरू केलं की ११० च्या वर. आणि वहीत जवळजवळ प्रत्येक वेळी आधी विचार यायचा: "आता चुकली तर."

मग पतसंस्थेची गोष्ट निघाली. मी ती त्यांना सांगणारही नव्हते. मार्च २०२४ मध्ये, वर्षअखेरीच्या गडबडीत, माझ्या काउंटरला ८,००० रुपये कमी आले. ते पगारातून भरले. तेव्हापासून मी प्रत्येक बंडल तीनदा मोजते. मॅडम म्हणाल्या, "आणि रेंजवर? तिथे तीनदा कसं मोजता?" मला काही सुचलं नाही. त्यांनी पुढच्या वेळी येताना प्रत्येक गोळीचा वेळ मोजून आणायला सांगितलं.

मोजला. पिस्तूल वर आल्यापासून गोळी सुटेपर्यंत साधारण सहा-आठ सेकंद लागावेत. त्यानंतर हात थकतो, डोळ्याला नुसतं आधीचं चित्र दिसत राहतं. माझे सरावात आठ-नऊ होते. कुणी बघत असलं की चौदा, सोळा, एकदा एकवीस. मी माशी बरोबर आहे ना, हे तपासत होते. पुन्हा तपासत होते. पुन्हा. काउंटरवर ज्या सवयीनं मी सुरक्षित राहत होते, ती सवयच मला इथे पाडत होती.

यावर औषध एकच होतं: आठ सेकंद झाले की पिस्तूल खाली. गोळी न मारता. ऐकायला सोपं आहे. पण उचललेलं पिस्तूल खाली ठेवणं म्हणजे 'मला जमलं नाही' असं सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं वाटतं. ती मुलगी स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसायची आणि आठ झाले की "ताई!" म्हणायची. पहिल्या दिवशी साठ गोळ्यांत मी एकतीस वेळा खाली ठेवलं. स्कोअर ५४० आला आणि मी रडकुंडीला आले. फेब्रुवारीच्या शेवटी खाली ठेवणं बारा-तेरावर आलं होतं.

श्वासाचंही शिकवलं: चार सेकंद नाकानं आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात. नाडीवर बोट ठेवून बसलात तर स्वतःला कळेल. रोज दहा मिनिटं, सकाळी गॅसवर चहा ठेवला की. पहिले आठ-दहा दिवस मला त्यानं उलट गुदमरल्यासारखं व्हायचं. हे होतं, मॅडम म्हणाल्या, म्हणून सामन्याच्या दिवशी नवीन काही शिकायचं नाही. चहाही त्या दिवशी एकदम बंद करायचा नाही. मी एकदा केला, डोकं दुखून बेजार.

आणि मग शनिवारचा चहा. दडपणाचा सराव दडपणातच होतो, म्हणून सरांनी नियम काढला: शनिवारी शेवटच्या दहा गोळ्या सगळ्यांनी माझ्यामागे उभं राहून बघायच्या. ९० च्या खाली गेले तर अकरा जणांचा चहा माझ्याकडून. पोरांना ऊत आला. एक जण ताट वाजवायचा, एक फोनवर ढोल-ताशा लावायचा, एक जण नुसता मागे उभा राहून वेफर्सची पिशवी कुरकुरवायचा, आणि तो सगळ्यांत वाईट. पहिले पाच शनिवार मी चहा पाजला. सहाव्याला ९२ झाले आणि त्या दिवशी चहा सरांनी पाजला. ठोके तेव्हाही ११८ होते. म्हणजे धडधड गेली नव्हती, धडधडीतच ९२ झाले होते. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले.

एकूण आठ भेटी झाल्या, शेवटची ३ मे २०२५ ला. त्यातल्या दोन व्हिडिओवर, कारण मार्चअखेरीला पतसंस्थेतून हलता येत नाही. जानेवारीत एसटीचं भाडं वाढलं, पण अर्धं तिकीट राहिलं. मॅडमचे ९,६००, चष्मा, तपासण्या, ते शिबिर, बुडालेली फी, सगळं धरून १९,८५०, चहा वेगळा. यातले पहिल्यापासून शहाणपणानं गेले असते तर साधारण अकरा हजारांत भागलं असतं. एप्रिलमध्ये तो सात प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, सहा आले.

१४ जून २०२५, शनिवार. पाऊस नुकताच लागला होता. रेंज इलेक्ट्रॉनिक, प्रत्येक गोळीचा गुण लगेच स्क्रीनवर. पट्टा, घड्याळ, फोन सगळं लेनवर जाण्याआधी काढून ठेवावं लागतं. काढताना पाहिलं, ठोके १२६. पुन्हा तीन वेळा बाथरूम. बोटं गार. या वेळी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी नेलं होतं. सायटर सुरू होईपर्यंत ती उजव्या हातात धरून बसले. एवढ्या साध्या गोष्टीनं ट्रिगरवरचं बोट जागेवर येतं, हे मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली सिरीज ८९. पोटात खड्डा पडला. पिस्तूल टेबलावर ठेवलं, खाली बसले, तीन लांब श्वास. मग ९०, ९२, ९३.

एक्केचाळिसावी गोळी. उचललं. माशी ठोक्याबरोबर उडतेय. सहा सेकंद. बोटाला दाब पुरा होत नाही. सात. आतून तोच जुना आवाज, "अजून जरा, नीट बघ." खाली ठेवलं. पुन्हा उचललं. या वेळी माशी जरा डावीकडे, पुन्हा खाली. मागे कुणीतरी खोकलं. मला खात्री होती की सगळे माझ्याकडेच बघताहेत. कुणी बघत नव्हतं, सर तर चहाला गेले होते. तिसऱ्यांदा उचललं आणि उडणारी माशी तशीच उडू देत दाब वाढवत गेले. नऊ.

ती सिरीज ९१ झाली, शेवटची ९४. ५४९. पात्रतेला पुरले नाहीत. आमच्या गटात मी तेविसावी आले. सरावातले माझे आकडे अजूनही ५५८-५६० च्या घरातच आहेत, म्हणजे दरी आहेच, एकोणतीसची अकरा झाली.

पुढच्या स्पर्धेचा फॉर्म परवाच भरला. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात या वेळी 'घरगुती' न लिहिता 'नेमबाजी स्पर्धा' लिहिलंय. अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे.